टाकीतली हवा आणि गुळाचा खडा

बंदरांवर, जहाजबांधणीच्या यार्डांत आणि जहाजांवर काम करणाऱ्यांनी प्रश्न पाठवावेत, असं संपादकांनी मागच्या अंकात छापलं होतं. मला वाटलं होतं, निम्मी पत्रं पगाराची आणि ओव्हरटाइमची येतील. पण आली ती जवळपास सगळी श्वासाची. वरून पडणं, क्रेनच्या लोडखाली सापडणं याबद्दल कोणी फारसं विचारत नाही, कारण ते डोळ्यांना दिसतं आणि माणूस आपोआप बाजूला होतो. हवा दिसत नाही. तेव्हा या वेळी हवेचंच बोलू. मी यार्डात फिटर म्हणून लागलो आणि सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. मी डॉक्टर नव्हे. औषधं डॉक्टरांनी सांगावीत, मी कामाच्या जागेचं सांगतो. पत्रं थोडी छाटली आहेत आणि नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : आम्ही मूळचे लांज्याचे. माझे मिस्टर मुंबईजवळ एका यार्डात ठेकेदाराकडे वेल्डर आहेत. गावाहून किंवा सुट्टीवरून परत कामावर गेले की पहिल्याच रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप येतो. अंग मोडून येतं, तोंडाला गोडसर, पत्रा चाटल्यासारखी चव येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप बरं वाटतं. जवळचे डॉक्टर दर वेळी मलेरियाच्या गोळ्या देतात. पाळी सुटताना ठेकेदार प्रत्येकाला गुळाचा खडा देतो, कधी दूधही देतो. गुळाने धूर साफ होतो असं सगळे म्हणतात. हे खरं आहे का?

उत्तर : ताई, सुट्टी आणि ताप यांचा संबंध तुम्ही जोडलात, तो फार मोलाचा आहे. तेवढं डॉक्टरांना सांगितलं असतंत तर गोळ्या वाचल्या असत्या. ही सगळी लक्षणं धातूच्या धुराच्या तापाची आहेत. जहाजाला लागणाऱ्या लोखंडी प्लेटा यार्डात येतात तेव्हा त्यांच्यावर बहुतेक वेळा जस्त घातलेल्या प्राइमरचा पातळ हात असतो. बांधणीला महिने लागतात, तोवर गंज धरू नये म्हणून. त्यावर तसंच वेल्डिंग केलं की जस्त जळून पांढरा धूर निघतो. गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपांचंही तेच. हा धूर छातीत गेला की चार ते दहा तासांनी, म्हणजे माणूस घरी येऊन जेवायला बसेपर्यंत, थंडी-ताप सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. रोज धुरात असलेल्या शरीराला त्याची थोडी सवय होते, आणि सुट्टीत ती सवय मोडते. म्हणून जुन्या लोकांत याला सोमवारचा ताप म्हणायचे.

आता गूळ. गूळ पोटात जातो आणि धूर फुफ्फुसात. दोन्हींच्या वाटा घशाखाली वेगळ्या होतात आणि पुढे कुठेही भेटत नाहीत. गूळ चघळल्याने तोंडाला लाळ सुटते, घसा ओला होतो, कोरडा खोकला जरा दबतो. माणसाला वाटतं छाती साफ झाली. दूध पौष्टिक आहे, उन्हातान्हात राबणाऱ्याला मिळालं तर आनंदच आहे. माझा राग गुळावर नाही. पण गूळ वाटून ठेकेदार धुराच्या हिशोबातून मोकळा होतो, त्याचा मला राग येतो. गुळाची ढेप हवा खेळवणाऱ्या ब्लोअरपेक्षा स्वस्त पडते.

हा ताप स्वतःहून जातो, म्हणून लोक त्याला हसण्यावारी नेतात. पण तो आला याचा अर्थ तुमच्या मिस्टरांच्या नाकातोंडात त्या दिवशी नको तेवढा धूर गेला, आणि वेल्डिंगच्या धुरात एकटं जस्त नसतं. मँगनीज असतं. स्टेनलेस स्टील असेल तर क्रोमियम आणि निकेलही असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखू आणि अॅस्बेस्टॉस त्याच गटात आहेत.

मग करायचं काय? वेल्डिंगआधी जोडाच्या दोन्ही बाजूंचा प्राइमर इंच-दीड इंच ग्राइंडरने खरवडून काढायचा. तेव्हाही मास्क हवाच. धूर ओढणारी नळी आर्कपासून, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ठिणगीपासून, फूटभर अंतरात ठेवायची. दारात उभा केलेला पंखा धूर ओढत नाही, तो शेजारच्या माणसाकडे ढकलतो. वेल्डरने डोकं धुराच्या रेषेत घालू नये. ऐकायला सोपं वाटतं, पण डबल बॉटममध्ये, म्हणजे जहाजाच्या दुहेरी तळामधल्या अरुंद पोकळीत, आडवं पडून वेल्डिंग करणाऱ्याला डोकं ठेवायला दुसरी जागा नसते, म्हणून तिथे नळी लागतेच. नाकाला बांधलेला रुमाल किंवा हिरवा सर्जिकल मास्क यांचा धुरापुढे उपयोग नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ लिहिलेला, नाकावर घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. धुरानंतर दम लागला, छाती भरून आली, किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर 'नेहमीचाच आहे' म्हणून घरी थांबू नका. कॅडमियमचा मुलामा दिलेल्या भागाचा धूर पहिल्या दिवशी अगदी असाच वागतो आणि नंतर फुफ्फुसात पाणी करतो. त्या वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं, आणि तिथे 'वेल्डिंग करतात' हे शब्द पहिल्या वाक्यात सांगायचे.

प्रश्न : मी देवगडचा. आयटीआय फिटर झालो आहे आणि यार्डात हेल्परचं काम मिळालंय. बॅलास्ट टँकमध्ये, म्हणजे जहाज स्थिर ठेवायला पाणी भरतात त्या टाकीत, उतरायचं असतं. मुकादम म्हणतो, मॅनहोल दोन दिवसांपासून उघडं आहे, हवा खेळलेली आहे, गॅस टेस्टवाल्याची वाट बघत बसलो तर दिवस जाईल. फारच शंका असेल तर काडी पेटवून खाली सोड, विझली नाही म्हणजे हवा आहे. मित्र म्हणतात, मुकादम वीस वर्षं हेच करतोय आणि जिवंत आहे.

उत्तर : बाबा रे, मुकादम जिवंत आहे यावरून इतकंच कळतं की तो बहुतेक वेळा बाहेर उभा असतो.

काडीचं आधी संपवतो. हवेतला ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते, आणि तोवर माणसाचं डोकं चालेनासं झालेलं असतं. विषारी वायूबद्दल काडी काहीच सांगत नाही. आणि जळणारा वायू असेल तर ती सांगते, पण ऐकायला कोणी उरत नाही. काडी, मेणबत्ती, अगरबत्ती यांतलं काहीही टँकच्या तोंडाशी न्यायचं नाही.

रिकाम्या लोखंडी टँकमध्ये हवेला काय होणार, असा प्रश्न हुशार इंजिनिअरही विचारतात. टँकमध्ये लोखंड आहे, ओल आहे, खारं पाणी आहे. लोखंड गंजतं म्हणजे ते ऑक्सिजन खातं. बंद टँकमध्ये ते आठवडेच्या आठवडे खात बसतं. तिथे ना वास येतो, ना धूर दिसतो, ना डोळे चुरचुरतात. आपल्या नेहमीच्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन मोजायच्या मीटरवर १९.५ च्या खाली आकडा दिसला की उतरायचं नाही, हा यार्डातला दंडक. १० टक्क्यांखाली शुद्ध जाते. ६ च्या आसपास दोन-चार श्वासांत माणूस शिडीवरून सुटतो. त्याला गुदमरल्यासारखंही होत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव शरीरात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, ऑक्सिजनच्या टंचाईमुळे नव्हे. म्हणून 'त्रास झाला तर वर येईन' हे बोलणं फोल आहे. त्रास होतच नाही.

मॅनहोल दोन दिवस उघडं असलं तरी हवा खेळतेच असं नाही. टँकमध्ये आडव्या-उभ्या फ्रेम असतात, कप्प्याला कप्पे लागलेले असतात, आणि एकाच तोंडातून हवा तळाच्या कोपऱ्यापर्यंत जात नाही. त्यासाठी ब्लोअर लावून नळी तळापर्यंत सोडावी लागते, आणि शक्यतो दुसरं तोंड उघडं ठेवावं लागतं. मग मीटर. तो वरच्या तोंडाशी धरून 'ओके' लिहिणारे महाभाग मी पाहिलेत. नळीने वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणची हवा खेचून बघायची. आधी ऑक्सिजन, मग जळणारा वायू, मग विषारी. हा क्रम उगाच नाही. ऑक्सिजन कमी असेल तर जळणाऱ्या वायूचा साधा सेन्सर खोटा, कमी आकडा दाखवतो. जळणारा वायू त्याच्या पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवर गेला की माणसं बाहेर, हा बहुतेक यार्डांचा नियम. कटिंग-वेल्डिंग असेल तर मी स्वतः शून्यच मागायचो, आणि त्यासाठी शिव्याही खायचो.

सकाळी 'ओके' मिळालं म्हणजे दुपारपर्यंत ओके, असंही नाही. चहाला वर येताना गॅसने लोखंड कापणारा कामगार गॅसचा होजपाइप टँकमध्येच सोडून येतो. कटिंग टॉर्चचा व्हॉल्व्ह जरासा ढिला असतो, किंवा होजला चीर असते. एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळाशी पसरतो. वेल्डिंगला वापरतात तो आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडही जड, तेही तळाशी बसून ऑक्सिजनला वर ढकलतात. परत उतरणारा पहिला माणूस एक तर कोसळतो, नाहीतर लायटर पेटवतो. म्हणून चहा, जेवण, पाळी बदलणं, काहीही असो, होज वर ओढून सिलेंडरशी बंद करायचे आणि परतल्यावर पुन्हा मीटर लावायचा. मी नव्या पोरांना सांगायचो की होज मॅनहोलच्या बाहेर दिसल्याशिवाय चहाचा कप हातात मिळणार नाही. चहावाल्यालाच सांगून ठेवलं होतं, आणि ते चाललं.

आणि ऑक्सिजनची नळी सोडून टँक 'थंड' करणारे! मे महिन्यात आत भट्टी झालेली असते, कळतं मला. पण ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की सुती कपडे, केस, ग्रीस लागलेले हातमोजे ठिणगीने असे भडकतात की झटकायलाही वेळ मिळत नाही. कपड्यांवरची धूळ उडवायला ऑक्सिजनचा झोत मारतात तेही तसंच. कपड्यात शिरलेला ऑक्सिजन लगेच निघून जात नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर दोन घटना सांगतो, दोन्ही वर्तमानपत्रांत आलेल्या. १३ फेब्रुवारी २०१८ ला कोचीच्या शिपयार्डात दुरुस्तीला आलेल्या 'सागर भूषण' या तेलविहीर खोदणाऱ्या जहाजावर स्फोट झाला आणि पाच जण गेले. त्याआधी, ७ मार्च २०१४ ला, आपल्या मुंबईत बांधणीतल्या युद्धनौकेवर यंत्रांच्या चाचण्या चालू असताना आग विझवण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेतला कार्बन डायऑक्साइड सुटला आणि नौदलाचा एक अधिकारी मृत्युमुखी पडला. आग विझवणारा वायू आगीइतकाच माणसालाही विझवतो. ज्या खोलीत ही यंत्रणा आहे तिथे काम करायचं असेल तर ती यंत्रणा आधी बंद करून तिला कुलूप लावावं लागतं.

मॅनहोलशी एक माणूस कायम उभा असतो, त्याला आपण होल वॉच म्हणतो. बहुतेक वेळा तिथे सगळ्यात कच्चं पोर उभं करतात, म्हणजे तूच असशील. तर ऐक. आतला माणूस पडलेला दिसला तर तू आत जायचं नाहीस. तो तुझा सख्खा भाऊ असला तरी नाही. ओरडायचं, अलार्म मारायचा, ब्लोअर चालू ठेवायचा, आणि पाठीवर हवेचा सिलेंडर बांधलेली माणसं येईपर्यंत तोंडाशी थांबायचं. टँकमध्ये एकाच्या मागोमाग दुसरा, दुसऱ्याच्या मागोमाग तिसरा असे जातात. पहिला हवेमुळे मरतो, बाकीचे धावल्यामुळे. आतल्याला आधीपासून पट्टा आणि दोर बांधला असेल तर वरूनच ओढता येतं. म्हणून दोर बांधायला आळस करायचा नाही.

जहाज बांधणं, दुरुस्त करणं आणि तोडणं हे तिन्ही १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कारखान्याचं काम म्हणून नाव घेऊन लिहिलं होतं, आणि त्याच्या कलम ३६ मध्ये टँकमध्ये उतरण्याचे नियम होते. आतला हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त चालणार नाही, हे त्याला जोडून आलेल्या कलम ३६-अ मध्ये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा कामगारांच्या सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली. लोखंडाचं गंजणं मात्र जुन्याच नियमाने चालतं. मुकादमाशी भांडू नकोस, त्याला फक्त म्हण, 'हवा तपासून दिलेल्या परमिटवर सही दाखवा, मी उतरतो.' महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, तिथे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते.

प्रश्न : गुहागरचा आहे, मालवाहू जहाजावर डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी. आमचं जहाज लाकडाचे ओंडके आणि कधी कोळसा नेतं. होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या खोल कप्प्यात, उतरायची शिडी एका बंदिस्त चॅनेलमधून जाते. 'टँक नाही, नुसती शिडी आहे' म्हणून परमिट नाही. नाही म्हणता येतं का?

उत्तर : येतं, आणि म्हणायचंच. लाकूड, कोळसा, लोखंडी चुरा, सुकं खोबरं हे सगळे बंद होल्डमध्ये ऑक्सिजन खातात, आणि ती हवा शिडीच्या चॅनेलमध्ये उतरते. अशा शिड्यांवरच माणसं दगावली आहेत. नियमांच्या दृष्टीने ती बंदिस्त जागाच आहे. १ जुलै २०१६ पासून प्रत्येक जहाजावर हवा तपासायचं पोर्टेबल यंत्र असणं बंधनकारक आहे, आणि २०१५ पासून बंदिस्त जागेत उतरण्या-काढण्याची ड्रिल दर दोन महिन्यांनी व्हायला हवी. चीफ ऑफिसरला नम्रपणे विचार, 'सर, शेवटची ड्रिल कधी झाली?' त्या प्रश्नानंतर मीटर सहसा सापडतो. काय विचारलंस, कधी विचारलंस ते स्वतःच्या वहीत लिहून ठेव, आणि फोनवर आईला सांगत बसू नकोस, ती झोपणार नाही.

प्रश्न : हर्णै बंदरात आमची स्वतःची यांत्रिक बोट आहे. गेल्या वर्षी पावसाळी बंदीनंतर बोट बाहेर काढताना मासळीच्या कप्प्यात साफसफाईला उतरलेला खलाशी बेशुद्ध पडला, त्याला काढायला उतरलेला दुसराही. देवाच्या कृपेने दोघे वाचले. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, म्हणतो, बोटीला नजर लागली. यंदा नारळी पौर्णिमेआधी पुन्हा तेच काम आहे. काय करावं?

उत्तर : नारळ जरूर वाढवा, पण त्याआधी कप्प्याची झाकणं उघडा.

१ जून ते ३१ जुलै बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. कप्प्याच्या तळाशी मासळीचं रक्त, खवले, वितळलेल्या बर्फाचं पाणी राहिलेलं असतं. दोन महिने बंद राहून ते कुजतं आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. वास येतोय तोवर सावध राहता येईल असं सगळ्यांना वाटतं. घात तिथेच आहे. दहा लाख भाग हवेत १०० भागांच्या आसपास हा वायू झाला की नाकातली वासाची जाणीवच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून खलाशी उतरतो. त्याहून पाच-सातपट वायू झाला की काही मिनिटांत माणूस आडवा. शिवाय तळचं पाणी शांत असताना वायू त्यात अडकून असतो. खराट्याने ढवळलं की एकदम सुटतो. तुमचा पहिला खलाशी उतरल्या उतरल्या पडला नसेल, साफ करायला लागल्यावर पडला असेल.

तेव्हा उतरायच्या आदल्या दिवशी सगळी झाकणं उघडा. वरून, डेकवर उभं राहून पाइपने भरपूर पाणी मारा आणि पंपाने उपसा, दोन-तीनदा. मग ब्लोअर लावून नळी तळाला सोडा आणि काम चालू असेपर्यंत तो बंद करू नका. वायू तपासायचा चार सेन्सरचा मीटर जाळ्यांच्या किमतीपुढे काही नाही. बंदरातल्या चार बोटवाल्यांनी किंवा मच्छीमार सोसायटीने मिळून एक घ्यावा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, टोक वर दोघांच्या हातात द्या. तो गप्प झाला की ओढा, कोणी खाली जायचं नाही. डिझेल पंप कप्प्यात उतरवून पाणी उपसू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वेगळाच मारतो. तांडेलाला नजरेचं म्हणू द्या, दोर मात्र त्याच्याच हातात द्या.

प्रश्न : मी लालबागचा, वय ७४. १९७२ पासून गोदीत लॅगर होतो. जहाजाच्या इंजिनरूममधल्या वाफेच्या पाइपांना पांढरं कापड, दोरी आणि लेप लावायचो. जुनं खरवडून काढायचं तेव्हा बर्फासारखं उडायचं. आता जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला आहे. विडी पस्तीस वर्षं ओढली, आता बंद आहे. डॉक्टर म्हणतात विडीमुळेच. एकाने टीबीचा कोर्सही दिला. ते पांढरं काय होतं?

उत्तर : दादा, त्या काळात पाइपांना लावायचं ते पांढरं कापड आणि लेप म्हणजे बहुतेक अॅस्बेस्टॉस. त्याचे तंतू इतके बारीक की फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात आणि तिथेच राहतात. त्यांचा हिशोब वीस, तीस, चाळीस वर्षांनी समोर येतो. म्हणून डॉक्टर आजच्या विडीकडे बघतात, १९७२ कडे कोणी बघत नाही. विडी आणि अॅस्बेस्टॉस यांची बेरीज होत नाही, फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत ते एकमेकांना कित्येक पटींनी वाढवतात. तेव्हा विडी सोडलीत, हे आजवरचं सगळ्यात मोठं औषध तुम्ही आधीच घेतलंत.

एका कागदावर लिहा : कोणत्या साली, कुठल्या खात्यात, काय काम, कोणतं सामान. 'लॅगर' हा शब्द तरुण डॉक्टरांनी ऐकलेला नसतो, म्हणून 'अॅस्बेस्टॉसचं काम केलं' असं थेट लिहा. तो कागद घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीची जखम दिसेलच असं नाही. छातीचा एचआरसीटी स्कॅन आणि फुंकर मारायची स्पायरोमेट्री या दोन तपासण्यांबद्दल त्यांना विचारा. अॅस्बेस्टोसिसने, म्हणजे अॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या आजाराने, फुफ्फुसाला पडलेला व्रण भरत नाही, हे तुम्हाला लपवून सांगण्यात अर्थ नाही. पण टीबीचा चुकीचा कोर्स टळतो, न्यूमोनियाची लस घेता येते, आणि कर्करोगावर लक्ष ठेवता येतं.

दुसरं, हा आजार फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होता. त्या कायद्यानुसार रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने तो मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचा असायचा. फार थोडे कळवायचे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि त्याच्या तपासणीची कागदपत्रं नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर मालकाने जपावीत. तुमची कागदपत्रं मागून बघा. अर्ज हाताने द्या आणि पोच घ्या. युनियनचे जुने सोबती असतील तर एकट्याने जाऊ नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. त्या कामाचे कपडे घरी कोण धुवायचं? त्या माउलीलाही दम लागत असेल तर तिलाही त्याच डॉक्टरांकडे न्या. कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना हाच आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

जहाजांवर नवीन अॅस्बेस्टॉस बसवायला २००२ पासून काही अपवाद सोडून, आणि २०११ पासून सरसकट बंदी आली. पण त्याआधीची जहाजं अजून दुरुस्तीला येतात, अलंगच्या किनाऱ्यावर तुटायला येतात. जुन्या जहाजाची लॅगिंग, म्हणजे पाइपांवरचं आवरण, फोडायला सांगितली तर आजच्या पोरांनी आधी नमुना तपासलाय का ते विचारावं. कोरडं खरवडू नये.

प्रश्न : वास्कोला एका खासगी यार्डात सुपरवायझर आहे. गेटवर 'अपघाताविना इतके दिवस' असा बोर्ड लावलाय, आकडा मोठा झाला की सगळ्यांना मिठाई. पण ठेकेदाराच्या कामगाराचं बोट चेंगरलं तरी त्याला गुपचूप खासगी दवाखान्यात नेतात. बोर्ड काढायला सांगू का?

उत्तर : बोर्ड राहू द्या, मिठाई बंद करा. आकड्याला बक्षीस लावलं की लोक अपघात टाळण्याऐवजी मोजणी टाळतात. त्याऐवजी थोडक्यात हुकलेली गोष्ट, म्हणजे वरून पडलेला स्पॅनर, टँकमध्ये सापडलेला उघडा होज, सांगणाऱ्याला मिठाई द्या. पहिल्या महिन्यात तुमची वही भरून वाहील आणि साहेब घाबरतील. घाबरू द्या.

बोट लपवलं की त्या कामगाराचं किती नुकसान होतं ते ठेकेदार त्याला सांगत नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, कक्षेत येतो. कामावरच्या दुखापतीचा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू असतो, त्याला आधी वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. कामावर येता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात पेन्शन मिळते. पण त्यासाठी अपघाताची नोंद लागते. खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर 'घरी पडला' लिहिलं की सगळं गेलं. तुम्ही सुपरवायझर आहात, अपघाताच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवशी तुमच्या हाताने लिहा. ठेकेदाराने टाळलं तरी मुख्य मालकाची, म्हणजे यार्डाची, जबाबदारी सुटत नाही, हे दोघांनाही माहीत असतं, फक्त कोणी बोलत नाही.

प्रश्न : वेल्डिंगची आर्क डोळ्यांना लागली की रात्री डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवाव्यात की गुलाबपाणी? (अलिबाग)

उत्तर : दोन्ही नकोत, डोळ्याच्या पुढच्या पडद्याला भाजलेलं असतं आणि त्यावर कच्चं काही लावलं की जंतू जातात. स्वच्छ पाण्याने धुऊन थंड ओल्या फडक्याची घडी बंद पापण्यांवर ठेवा, अंधारात पडा, चोळू नका. औषधाच्या दुकानातून बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा घालू नका, त्याने जखम भरत नाही. साधारण दोन दिवसांत उतरतं. नजर धूसर राहिली किंवा एकाच डोळ्यात जास्त खुपतंय असं वाटलं तर त्यात ग्राइंडिंगचा कण असू शकतो, मग थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि शेजारी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, मारणाऱ्या हेल्परलाही काच द्या. आर्क त्याच्याही डोळ्यांना लागते.